देऊळ रिकामे होते तेव्हा

गेल्या वर्षी आषाढी एकादशीला चार दिवस उरले असताना जर्मनीहून आमच्या एका सहाध्यायाचे पत्र आले. सेमिनरीत आम्ही एकाच बाकावर बसत असू. पुढे ते युरोपात धर्मसेवेस गेले आणि आज तिकडच्या चार खेड्यांतील चार चर्च एकटेच सांभाळतात. एके काळी तिकडचे धर्मगुरू इकडे येत. आता इकडचे तिकडे जातात, हा काळाचा उलटा फेरा म्हणायचा. त्या चारांपैकी सर्वांत लहान चर्च दगडी आहे, गावाच्या टोकाला गव्हाच्या शेतालगत उभे आहे, आणि ते विकायचे ठरले आहे. रविवारच्या मिस्सेला अकरा वृद्ध माणसे येतात. छपराच्या दुरुस्तीचा खर्च धर्मग्रामाच्या आवाक्याबाहेरचा आहे. एका वास्तुशिल्पी दाम्पत्याला ते घेऊन तिथे राहते घर करायचे आहे. महागुरुस्वामींचे आज्ञापत्र वेदीवरून वाचून दाखवण्याचे काम आमच्या मित्राकडे आले होते. त्यांनी लिहिले होते, ‘तू पंढरपुरास आहेस. देवळासह भक्ती कशी असते आणि देवळावाचून ती कशी करावी लागते, हे दोन्ही तुला रोज दिसते. मी या अकरा जणांना काय सांगू?’

प्रश्न बोचरा होता. या भागात कॅथलिक कुटुंबे मोजकी आहेत. मिस्सा आम्ही एका घराच्या पडवीत अर्पण करतो, आणि वेदी म्हणजे त्या घरातले जेवणाचे मेज. खिडकीतून मात्र त्या दिवसांत दिसत होते ते लाखो माणसांचे शहर. वाळवंटात राहुट्या पडलेल्या, प्रदक्षिणेच्या वाटेवर दिंडीला दिंडी लागलेली. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. सुचले नाही म्हणून जुनी पुस्तके काढली, आणि त्यातून हा लेख झाला.

युरोपातील चर्च विकली जातात हे ऐकले की आपल्याकडची माणसे हळहळतात. क्वचित थोडा अभिमानही वाटतो की, बघा, त्यांची श्रद्धा आटली, आमची टिकली. हा अभिमान इतिहासाला धरून नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहरात डॉमिनिकन संघाचे तेराव्या शतकातील भव्य दगडी चर्च आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्याने ते बंद केले. त्यानंतर तिथे घोडे बांधले गेले, मालाची कोठारे झाली, अलीकडच्या काळात सायकली ठेवल्या गेल्या. आणि २००६ साली तिथे पुस्तकांचे दुकान निघाले. ते दुकान पाहायला आज जगभरचे लोक जातात. म्हणजे श्रद्धा आटल्यामुळे ते चर्च दुकान झाले असे सरळ म्हणता येत नाही. ते दोनशे वर्षांपूर्वीच बंदुकीच्या बळावर रिकामे झाले होते. रिकामे कोणी केले, हा प्रश्न विकत कोणी घेतले या प्रश्नाच्या आधीचा आहे. आमच्या पाहण्यात लोक नेहमी दुसराच प्रश्न विचारतात.

आपल्या घरचेच उदाहरण घ्यावे. मुंबईच्या परळ भागात हाफकिन संस्था आहे. लस म्हटले की महाराष्ट्राला हेच नाव आठवते. तिची मुख्य इमारत मुळात येशूसंघीयांचा मठ आणि त्यास लागून असलेले प्रार्थनामंदिर होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. परळ त्या काळी माडांच्या बागांतले एक खेडे होते, आणि वांद्र्याच्या येशूसंघीयांची तिथे जमीन होती. पोर्तुगिजांकडून मुंबई इंग्रजांकडे आली. मग या धर्मगुरूंवर शत्रूला सामील असल्याचा संशय घेण्यात आला, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मठ, मंदिर आणि जमीन सगळे कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. विक्री नाही, मोबदला नाही. गव्हर्नरांना तो परिसर उन्हाळ्यात राहायला आवडला. पुढे ते तिथे कायमचे राहू लागले. प्रार्थनामंदिराच्या मुख्य दालनात मेजवानीचा दिवाणखाना झाला आणि त्याच्यावर नाचघर. जिथे वेदीसमोर गुडघे टेकले जात, तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. सुमारे दीड शतक हे चालले.

मग १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीला पटकीने मृत्यू आला. परळची हवा बिघडली असे ठरले आणि गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला मुक्काम हलवला. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा या ओस पडलेल्या राजवाड्यात प्लेगचे रुग्ण ठेवले गेले. वाल्डेमार हाफकिन या रशियात जन्मलेल्या यहुदी शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. पुढची गोष्ट पंढरपूरच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय वारीच्या दिवसांत शहरात प्रवेश नसे. वेशीवर बाह्या सरसावून वारकऱ्यांच्या रांगा लागत. मुंबई इलाख्याची लस ज्या संस्थेत तयार होई ती हीच. एका जप्त झालेल्या प्रार्थनामंदिरात बनलेले औषध विठ्ठलाच्या वारकऱ्याच्या दंडात गेले, हे चित्र आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहोत. जे बळाने घेतले गेले ते अन्यायाने घेतले गेले, यात शंका नाही; आणि त्यातून जे निघाले ते प्रभूला नापसंत झाले असेल असे म्हणायला आमची जीभ वळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

वसईच्या किल्ल्यातील गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. आम्ही जन्माने वसईकर, त्यामुळे लहानपणी त्या पडक्या भिंतींमधून पुष्कळ हिंडलो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला घेतला. फिरंगी गेले, त्यांचे मठ ओस पडले, आणि चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा आजही पंचवटीत येणाऱ्यांना दाखवली जाते. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणवीसांच्या घाटावर दुसरी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली आहे. ती पाहायला आम्ही एकदा मुद्दाम गेलो. वारा होता, कोणीतरी पोराने लोलक हलवला, आणि घुमत गेलेला तो आवाज ऐकून आम्ही नकळत क्रुसाची खूण केली. शेजारच्या गृहस्थांनी त्याच वेळी हात जोडले. विजयचिन्ह म्हणून नेलेली वस्तू देवाच्या दारीच टांगली गेली, यात जिंकणाऱ्यांची एक प्रकारची अदब होती, असे आम्हास वाटते. कोणी यास भोळेपणा म्हणेल. म्हणो बापडे. इंग्रजी अमदानीत मात्र किल्ल्याची जागा भाड्याने दिली गेली आणि तिथे साखरेचा कारखाना निघाला. तो चालला नाही. त्या कारखान्याचेही आता अवशेषच उरले आहेत, आणि पडक्या मठाच्या भिंतींजवळ पडक्या कारखान्याच्या भिंती पाहताना या दोघींतली कोणती अधिक जुनी, हे पाहुण्यास सांगावे लागते.

गोव्यात तर आपल्याच धर्माच्या राजाने हे केले. १८३४ साली पोर्तुगालमध्ये धर्मसंघ बरखास्त करणारा हुकूम निघाला, १८३५ साली तो गोव्यात लागू झाला, आणि जुन्या गोव्यातील मठ सरकारजमा झाले. सामान विकले गेले, दगड काढून नेले गेले. संत ऑगस्टीनच्या प्रचंड चर्चचे छप्पर १८४२ साली कोसळले, बुरुजाचा मोठा भाग १९३१ साली. त्या बुरुजातील घंटा प्रथम आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चवर चढली. आजही ती तिथे वाजते. पणजीत ती ऐकणाऱ्या किती जणांना ती पोरकी असल्याचे माहीत असेल?

आता आमच्या मित्राच्या खेड्याशी खरे जुळणारे उदाहरण सांगतो. मुंबईत अंधेरीच्या पूर्वेस महाकाली लेण्यांजवळ कोंडिविटे हे गाव होते. तिथे १५७९ साली येशूसंघीयांनी संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावे दगडी चर्च उभारले. भोवती भातशेती, वस्ती कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची. १७३९ च्या उलथापालथीतूनही ते वाचले. १८४० च्या सुमारास गावात रोगाची साथ आली. ती इतकी भयंकर होती की गावकऱ्यांनी ती जागाच सोडायचे ठरवले आणि ते मरोळला गेले. जाताना त्यांनी संतांच्या मूर्ती नेल्या, बाप्तिस्माकुंड उचलून नेले, काही खांबसुद्धा नेले, आणि नवे चर्च उभारले. आज मरोळच्या लेकरांचा बाप्तिस्मा होतो तो त्या जुन्या कुंडाच्या वारशाने. मागे राहिले ते निव्वळ दगड. त्यांच्यावर झाडे वाढली, छप्पर गेले. विसाव्या शतकात ती सर्व जमीन सरकारने उद्योगासाठी संपादन केली आणि १९७३ साली तिथे सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. भोवती संगणकाचे आणि दागिन्यांचे कारखाने, मध्ये चर्चचे ते उभे पडके तोंड. आत जायला परवाना लागतो. मरोळचे भाविक तरीही वर्षातून एकदा तिथे जमतात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा अर्पण करतात.

या माणसांनी काय केले ते नीट पाहावे. त्यांना कोणी हाकलले नव्हते, त्यांचे चर्च कोणी जप्त केले नव्हते. साथीने घरे ओस पडत असताना, मेलेल्यांना पुरून झाल्यावर, ते आत गेले असतील आणि एवढे जड कुंड खांद्यावर घेतले असेल. ते कोणी उचलले, किती जण लागले, वाटेत किती वेळा खाली ठेवले, हे आम्हास कळले असते तर फार बरे झाले असते. दगडाला दगड म्हणून सोडून देता आले, कारण जे सोडायचे नव्हते ते आधी उचलले होते.

धर्मनियमसंहितेलाही नेमके हेच अभिप्रेत आहे असे आम्ही म्हणू. १९८३ च्या संहितेतील १२२२ वा नियम सांगतो की चर्च उपासनेस अयोग्य झाले आणि दुरुस्तीचा मार्ग उरला नाही, तर महागुरुस्वामी ते ऐहिक वापरास देऊ शकतात, मात्र हीन वापरास नव्हे. अन्य गंभीर कारण असेल तर धर्मगुरूमंडळाचे मत ऐकायचे, ज्यांचा त्या चर्चवर रास्त हक्क आहे त्यांची संमती घ्यायची, आणि आत्म्यांच्या हिताला धक्का लागत नाही याची खात्री करायची. वेदीबाबत संहिता आणखी हळवी आहे: इमारत ऐहिक वापरास गेली तरी वेदीचे समर्पण संपत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात याच प्रश्नावर परिषद भरली होती. देव आता इथे राहत नाही का, असा तिच्या नावाचा आशय होता. त्या परिषदेतून निघालेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की रिकाम्या चर्चचा वापर शक्य तो संस्कृतीसाठी किंवा सेवेसाठी व्हावा; पण फारसे कलामूल्य नसलेल्या साध्या इमारतीचे राहते घर व्हायलाही हरकत नाही. तेव्हा आमच्या मित्राच्या खेड्यातील विक्री नियमाबाहेरची नव्हती. संत अँब्रोज यांनी तर बंदिवानांची सुटका करण्यासाठी चर्चची पवित्र भांडी वितळवली आणि टीका करणाऱ्यांना ठणकावून उत्तर दिले. विकणे हे पाप नाही.

पण नियम पाळून केलेली गोष्टही वाईट रीतीने केलेली असू शकते. हे आम्ही लोकांकडे बोट दाखवून सांगत नाही. दीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका दूरच्या गावी आमच्याकडे लहानसे दगडी प्रार्थनामंदिर होते. चुन्यात बांधलेले, जाड भिंतींचे, पावसाळ्यात गळणारे. तो सिमेंट काँक्रीटचा उत्साहाचा काळ. आम्ही वरिष्ठांची परवानगी आणली, देणग्या जमवल्या, जुने पाडले आणि नवे बांधले. उरलेला दगड एका ठेकेदारास विकला. त्या पैशांत पंखे आले. गावातल्या कोणालाही आम्ही विचारले नाही. गळके छप्पर जाऊन पक्के येत असता विचारायचे ते काय, असे आम्हास वाटले. दगडाची गाडी भरत असताना एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. तिने वेदीच्या पायथ्याचा एक दगड मागितला. तिचे लग्न त्या दगडासमोर लागले होते. आम्ही हसून म्हटले, ‘आजी, देव दगडात नसतो.’ ती म्हणाली, ‘देव नाय ओ फादर, आम्ही हाओत त्यात.’ दगड आम्ही दिला. तिचे म्हणणे समजायला मात्र आम्हाला वीस वर्षे लागली.

म्हणून एकादशीच्या आदल्या रात्री उत्तर लिहायला बसलो तेव्हा आम्ही पंढरपुराचीच गोष्ट लिहिली. परंपरा सांगते की विजयनगरच्या राजाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीस नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. इतिहासकारांचे यावर एकमत नाही, आणि तो वाद सोडवणे आमचे काम नव्हे. पण हंपीचे विठ्ठलमंदिर आम्ही पाहिले आहे. दगडी रथ, नाद देणारे खांब, डोळे दिपवणारे कोरीवकाम. १५६५ नंतर राजधानी उद्ध्वस्त झाली; मंदिर उभे आहे, गाभारा रिकामा आहे, तिकीट काढून पाहावे लागते. पंढरपूरचे मंदिर त्या मानाने साधे. संकटाच्या काळात इथली मूर्तीही आसपासच्या गावांत लपवून ठेवल्याच्या कथा लोक सांगतात. ती कुठेही असो, माणसे येत राहिली. आणि माणसे येत राहिली म्हणून ती परत आली. हंपीस दगड राहिले, इथे वाट राहिली. पुण्यातील येशूसंघीय गी देलरी गेल्या शतकाच्या मध्यास पालखीबरोबर पायी चालले आणि १९६० साली त्यांचा विठोबाच्या उपासनेवरचा इंग्रजी ग्रंथ आला, तेव्हा काही जणांनी विचारले होते म्हणतात की कॅथलिक धर्मगुरूचे तिथे काय काम. आम्हाला त्यांचे काम कळते.

आणखी एक गोष्ट पत्रात लिहिली. पंढरपूरचे मंदिर कोणाचे, बडवे-उत्पातांचे की भाविकांचे, हा वाद इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९७३ साली कायदा झाला, आणि अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. वंशपरंपरागत हक्क संपले. दोन्ही बाजूंचे लोक आमच्या ओळखीचे आहेत, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. पण चंद्रभागेच्या काठी राहणाऱ्या माणसास एवढे कळते की ज्याच्या नावे खाते असते आणि ज्याचे पाय उंबऱ्यावर झिजतात, ते दोघे एकच असतात असे नाही. तुझ्या खेड्यात खाते धर्मप्रांताच्या नावे आहे. उंबरा त्या अकरा जणांनी झिजवला आहे.

तेव्हा आज्ञापत्र वाचण्यापूर्वी त्यांच्या घरी जा, असे आम्ही लिहिले. अकराच घरे आहेत. एका आठवड्याचे काम. प्रत्येकाला विचार की आत काय सोडता येणार नाही. आणि जे सांगतील ते त्यांच्याच हातांनी बाहेर येऊ दे, सामान वाहणाऱ्या मजुरांच्या नव्हे.

पाच आठवड्यांनी उत्तर आले. बाप्तिस्माकुंड शेजारच्या गावच्या चर्चमध्ये गेले आहे. ते उचलायला अकरा जण पुरेना. त्यांचे वय पाहता ते स्वाभाविकच होते. मग त्यांची शहरात राहणारी मुले आणि नातवंडे आली, त्यांतील कित्येकांनी वीस वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत अंथरून कुंड ठेवले आणि सगळे मागून चालत गेले, चार किलोमीटर. घर विकत घेणारे दाम्पत्यही चालले. बाई कॅथलिक नव्हत्या. वाटेत त्यांनी विचारले की वेदी होती त्या जागी त्यांनी काय ठेवावे, आणि त्या घोळक्यातील सर्वांत वृद्ध गृहस्थ म्हणाले की जेवणाचे मेज ठेवा, आणि त्यावर नीट जेवा.

पत्रासोबत छायाचित्र होते. आम्ही ते पडवीतल्या आमच्या माणसांना मिस्सेनंतर दाखवले. एका मुलीने ट्रॉलीकडे बोट दाखवून विचारले, ‘फादर, ही पण पालखीच आहे का?’